सर्वस्वदाते ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी

आयुष्यभर कष्टाने मिळविलेली मिळकत कोणाला, केव्हा आणि कोणत्या भावनेने द्यावी, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढे एक ना एक दिवस उभा राहतो. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात ‘आदिपुराणा’त दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. अन्वयदत्ती म्हणजे वंशाच्या स्थैर्यासाठी धनाबरोबरच धर्माचरण व कुटुंबाचा भारही पुत्राकडे सोपविणे. तिलाच सकलदत्ती असेही नाव आहे. घरातल्या घरात दिलेल्या संपत्तीलाही आचार्यांनी दानाची प्रतिष्ठा दिली; मात्र तिच्याबरोबर कर्तव्यही दिले.

या विचाराला विसाव्या शतकात निराळे व व्यापक रूप देणारे सत्पुरुष म्हणजे सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. अनेक वर्षे ते संसाराविषयी उदासीन राहून धर्मकार्यात रमले होते. इ. स. १९४० मध्ये न्यायाने मिळविलेली आपली संपत्ती धर्म व समाजाच्या उन्नतीसाठी वेचावी, अशी तीव्र इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली. परंतु त्यांनी घाई केली नाही. देशभर प्रवास करून त्यांनी जैन विद्वानांची मते प्रत्यक्ष व लेखी स्वरूपात गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील श्रीक्षेत्र गजपंथा येथे विद्वानांना एकत्र बोलावून त्यांनी हा विषय विचारार्थ मांडला. त्या चर्चेतून ‘जैन संस्कृती संरक्षक संघ’ स्थापन झाला आणि ब्रह्मचारीजींनी त्यास ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले.

पुढे त्यांची परिग्रहनिवृत्ती वाढतच गेली. १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची आपली संपूर्ण संपत्ती त्यांनी संघाला विश्वस्तरूपाने अर्पण केली. त्या वेळी आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. परंतु या दानाचे फळ सीमांच्या पलीकडे गेले. जीवराज जैन ग्रंथमालेत डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ १९४३ व १९५१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्ञानपरंपरेलाच त्यांनी आपली वारस मानले, असे म्हणावयास हवे. सर्वस्वाचा त्याग केलेल्या ब्रह्मचारीजींनी दि. १६ जानेवारी १९५७ रोजी समाधिमरण साधले.

सर्वांनाच सर्वस्वदान शक्य नाही. मुलाबाळांचा विचार करणे हाही गृहस्थधर्मच आहे. तथापि त्यांच्या जीवनातील विवेक प्रत्येक घरास उपयोगी आहे. आधी विचारविनिमय, मग अंशदान, नंतर सकलदान, आणि तेही स्वतःच्या हयातीत, हा त्यांचा क्रम होता. आजचा कायदाही हाच फरक जाणतो. मृत्युपत्र मरणोत्तर अमलात येते व तोवर बदलता येते. स्थावराचे बक्षीसपत्र मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दोन साक्षीदारांसह नोंदवावे लागते, देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारले जावे लागते, आणि एकदा दिलेले मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. म्हणून सांभाळाच्या अपेक्षेने देणाऱ्या वृद्धांनी ती अट दस्तातच लिहावी. अट पाळली न गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तसेच २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. अन्वय म्हणताना तिचे स्मरण असावे.

नेकनूर परिसरातील आपल्या घरांत जमीन, दुकान वा दागिना पुढच्या पिढीच्या हाती देताना त्यासोबत धर्म आणि कर्तव्यही जावे, आणि त्यातील एक वाटा समाजासाठी निघावा, हीच ब्रह्मचारीजींच्या पुण्यस्मृतीस खरी आदरांजली ठरेल.