केहिमकरांची शाळा आणि नव्याचा सण

पितृपक्ष संपून आश्विनाची प्रतिपदा उजाडते, त्याच सुमारास यहुदी पंचांगातील तिश्री महिना सुरू होतो आणि त्या धर्माच्या लोकांचे नवे वर्ष लागते. दोन्ही पंचांगे चांद्रमासाची, दोन्हींत अधिक मासाची सोय. त्यामुळे काही वर्षी महिन्याचे अंतर पडते एवढेच, एरव्ही हा मेळ सहसा चुकत नाही. २०२४ साली घटस्थापना आणि यहुदी नववर्ष ३ ऑक्टोबरला एकाच दिवशी आले, आणि दसरा व यहुद्यांचा प्रायश्चित्तदिनही १२ ऑक्टोबरला एकत्रच पडले. महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाज या नववर्षाला नव्याचा सण म्हणत आला आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफाळणीचा सण. या दिवसांची हिब्रू नावे त्याच्या कानी बऱ्याच उशिरा पडली. ही मराठी नावे आणि त्यांमागील आचार आज आपल्याला ज्ञात आहेत ते मुख्यतः एका गृहस्थाच्या लेखनामुळे. आणि हे आचार मागे पडण्यास ज्या गोष्टी कारण झाल्या त्यांतील एक त्याच गृहस्थाने उभी केली होती. हाइम सॅम्युएल केहिमकर हे त्यांचे नाव, आणि १८७५ साली त्यांनी मुंबईत काढलेली इस्राएलाइट स्कूल ही ती गोष्ट. माझगावातील सर एली कदूरी हायस्कूल म्हणून ती आज ओळखली जाते.

केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा. आडनाव किहीम या अलिबागजवळच्या गावावरून आलेले. दिवेकर, राजपूरकर, पेणकर, नवगावकर अशी या समाजाची बहुतेक आडनावे कुलाबा जिल्ह्यातील गावांचीच आहेत. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात पुरुष व सात स्त्रिया हे आपले पूर्वज, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा त्यांचा नेम. म्हणून आसपासचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. धर्मग्रंथ जवळ नव्हते, पुरोहित नव्हते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्यातील विधिनिषेध, काही सण आणि एकेश्वराची ग्वाही देणारी शेमा ही प्रार्थना एवढ्या सामग्रीवर हा समाज शतकानुशतके आपले वेगळेपण राखून राहिला. पुढे तो फौजेत, गोदीत आणि कचेऱ्यांत चाकरीसाठी मुंबईस आला. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात पहिले उपासनालय बांधले. समाजातील लोक त्याला मशीदच म्हणत. धर्मस्थळासाठी त्यांच्या बोलीत तोच शब्द रूढ होता.

केहिमकर यांच्या पिढीपुढे जो पेच होता तो नीट ध्यानात घेतला पाहिजे. या समाजाला त्याच्या धर्मग्रंथांची ओळख पुन्हा करून देण्याचे काम कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी जसे केले तसेच ते ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही केले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले ते या लोकांना समोर ठेवून. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने शिकली. त्यांतून शिक्षक निपजले, कारकून निपजले. धर्मांतरे मात्र फारच थोडी झाली. मिशनऱ्यांना याचे वैषम्य वाटले असेल, परंतु बेने इस्राएलांच्या दृष्टीने हा सौदा काही वाईट नव्हता. तरीही त्यात एक उणीव होती, आणि ती पाठ्यक्रमापेक्षा वेळापत्रकात अधिक होती. ज्या शाळेचा सातवा दिवस रविवार, तिच्यात शनिवार पाळणारा मुलगा एक तर गैरहजर राहतो किंवा घरचा नेम मोडतो. तिश्री महिन्यात तर नववर्ष, प्रायश्चित्तदिन आणि मांडवांचा सण असे एकामागून एक सण येतात. ते पाळावेत तर अभ्यास बुडतो, न पाळावेत तर बुडते ते याहून मोठे. अल्पसंख्य समाजाच्या मुलाला दर वर्षी रजेचा अर्ज लिहून आपला धर्म आचरावा लागतो ही गोष्ट क्षुल्लक वाटते; पण त्या मुलाच्या मनावर तिचा ठसा कोणत्याही प्रवचनापेक्षा खोल उमटतो.

केहिमकर यांनी आपले बंधू आणि समाजातील काही समविचारी गृहस्थ यांच्यासह शिक्षणप्रसारासाठी सभा स्थापिली आणि तिच्या आश्रयाने ही शाळा सुरू केली. आरंभ अगदी लहान होता. हा समाज धनिक नव्हता. ससून घराण्यासारखे बगदादी यहुदी मुंबईत वैभवाच्या शिखरावर होते, पण बेने इस्राएल हे शिपाई, सुतार, कारकून आणि हवालदारांचे कुळ. लंडनच्या अँग्लो ज्युइश असोसिएशनचे साह्य मिळाले, त्यावर शाळा तगली आणि पुढे वाढत वाढत हायस्कूल झाली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषांना तेथे स्थान होते. व्यवहारासाठी इंग्रजी, प्रार्थनेसाठी हिब्रू आणि घरची म्हणून मराठी अशी वाटणी कोणी करील. प्रत्यक्षात मराठीचे काम याहून मोठे होते. हिब्रूचा अर्थ कळायचा तो मराठीतूनच. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थनाग्रंथांची एकामागून एक मराठी भाषांतरे केली ती याच काळात. राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. एका पिढीत इतके मराठी धार्मिक गद्य निर्माण करणाऱ्या या छोट्या समाजाची दखल आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेशी घेतलेली नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

अशा शाळेत नववर्ष म्हणजे रजेचा अर्ज नव्हे, तर सर्वांची सुटी. सुटीच्या आधी प्रार्थनांची तयारी, मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग का फुंकायचे याचा अर्थ, दहा दिवसांच्या आत्मपरीक्षणाचा क्रम, हे सारे वर्गात शिकविण्याचे विषय झाले. बापाला जे वाचता येत नव्हते ते मुलगा वाचू लागला. केहिमकर यांना हेच हवे होते.

परंतु घरी काय चालले होते? कोकणातील जुन्या रिवाजाप्रमाणे नव्याच्या सणामागून, तिश्रीच्या चौथ्या दिवशी, खिरीचा सण येई. नव्या धान्याची, नारळाच्या रसातील गोड खीर करीत, धूप जाळीत, शेमा म्हणत आणि मग ती खात. भात निसवल्यावर नव्या लोंब्या दाराला बांधणाऱ्या शेजारच्या कुणब्याला हा सण परका वाटण्याचे कारण नव्हते. दारफाळणीला घराची दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून, परक्याचा स्पर्श टाळून सबंध दिवस उपास करीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण: गोरगरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या. या आचारांतील किती अंश ग्रंथोक्त आणि किती कोकणच्या मातीतला, हे सांगणे कठीण. मुलाच्या हाती हिब्रू प्रार्थनेचे पुस्तक आले तेव्हा त्यात खिरीच्या सणाचे नाव नव्हते. जे पुस्तकात नाही ते अडाणीपणाचे, असे नवशिक्षिताला वाटतेच. दारे लावून घरात बसण्याऐवजी लोक उपासनालयात जाऊ लागले. शाळेने मुलांना जगभरच्या यहुद्यांच्या पंक्तीत बसविले खरे, पण आजीच्या पंक्तीतून त्यांना थोडे उठविलेही.

केहिमकर यांचे मोठेपण माझ्या मते असे की या व्यवहारातील तोटा त्यांनी हिशेबात धरला. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून काढला. १८९७ साली तो पूर्ण झाला. त्यात वंशाची कथा आहे, फौजेतील पराक्रमाच्या नोंदी आहेत, आणि हे जुने सण त्यांच्या मराठी नावांनिशी, तपशिलाने दिलेले आहेत. ज्या आचारांची जागा आपली शाळा घेणार ते लिहून ठेवण्याची बुद्धी फार थोड्या सुधारकांना होते. आपल्याकडील कित्येक सुधारकांनी जुन्याची टवाळी केली, काहींनी आंधळे समर्थन केले. नोंद करणारे विरळाच.

अर्थात ग्रंथ निर्दोष नाही. पूर्वज इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आले हे त्यांचे प्रतिपादन पुराव्यापेक्षा अनुमानावर उभे आहे. समाजात गोरे आणि काळे इस्राएल असा भेद होता आणि रोटीबेटी व्यवहार त्यानुसार चाले. हा भेद त्यांनी नोंदला, पण त्यावर प्रहार करावा अशी निकड त्यांना वाटलेली दिसत नाही. बगदादी यहुदी बेने इस्राएलांना शुद्ध यहुदी मानण्यास कचरत होते. आपली शुद्धता सिद्ध करण्याच्या भरात घरातील विषमतेकडे दुर्लक्ष झाले असावे. जातिव्यवस्थेच्या देशात तिची लागण न झालेला समाज शोधू गेल्यास सापडणे अवघडच.

हे हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच केहिमकर निवर्तले. आपला ग्रंथ छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या खटपटीने १९३७ साली तो प्रसिद्ध झाला, आणि तोही मुंबईत नव्हे, तर तेल अवीवमध्ये. त्याच दशकात हाँगकाँग व शांघायचे धनिक सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला नवे नाव लाभले. १९२२ ते १९५० या काळात रिबेका रूबेन या विदुषीने मुख्याध्यापिका म्हणून तिला आकार दिला. आणि शाळा अशी बहरात असतानाच देश स्वतंत्र झाला, इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि तिचे विद्यार्थी सहकुटुंब बोटी-विमानांत बसू लागले. तेथे गेल्यावर बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत धर्मपीठाने शंका काढल्या. १९६४ साली तेथील संसदेने ठराव करून त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोठे तो वाद शमला.

माझगावच्या शाळेत आज शिकणारी मुले बहुतांशी अन्य धर्मांची आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली हे योग्यच झाले. परंतु राखीव जागांवर बसायला मुलेच उरली नाहीत तर त्या मान्यतेने शाळेत काय साधणार? तिश्रीतील सुट्या आता कोणासाठी, असा प्रश्न कोणी हिशेबी माणूस उद्या विचारील. त्याला उत्तर असे की त्या सुट्या राहू द्याव्यात, आणि सुटी का आहे हे आदल्या दिवशी वर्गात सांगावे. डोंगरीच्या वा माझगावच्या मुसलमान आणि हिंदू मुलांना नव्याचा सण, खिरीचा सण आणि दारफाळणी ही नावे समजावून सांगायला दुभाष्या लागत नाही. ती मराठीच आहेत. केहिमकरांच्या ग्रंथातील सणांचे प्रकरण सोप्या मराठीत छापून त्या मुलांच्या हाती देणे हे फार खर्चाचे काम नव्हे. संस्थाचालकांना ते झेपत नसेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते अंगावर घ्यावे.

तिकडे लोद, रामला, दिमोना, अश्दोद येथे वसलेल्या कुटुंबांची अडचण नेमकी उलटी आहे. तिश्रीची पहिली तारीख तेथे सर्व देशाची सुटी असते, आणि हिब्रू तर नातवंडांची मातृभाषाच झाली आहे. उणे पडते ती मराठी. त्या देशात १९८० च्या दशकात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले ते त्यासाठीच.