दोन बटाटे, दोन अंडी आणि कॉस्टिक सोडा : माल्कम एक्सने केस सरळ केले, तेव्हाची गोष्ट

किराणा दुकानातून दोन मध्यम आकाराचे बटाटे, दोन अंडी आणि कॉस्टिक सोड्याचा एक डबा. औषधांच्या दुकानातून व्हॅसलिनची मोठी बरणी, साबणाची वडी, एक जाड दातांचा आणि एक बारीक दातांचा कंगवा, पाण्याची रबरी नळी, रबरी एप्रन आणि हातमोजे.

ही यादी खिशात घालून १९४१ च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एक पोरगा खरेदी करत होता. वय साधारण सोळा. उंच, सडपातळ, इतर कृष्णवर्णीयांच्या मानाने रंग उजळ, केस तांबूस आणि घट्ट कुरळे. औषधाच्या दुकानदाराने सामान बघूनच ओळखलं की गड्याची ही पहिलीच वेळ आहे. त्याने तसं विचारलं, आणि पोराने मोठ्या अभिमानाने हो म्हटलं.

पोराचं नाव माल्कम लिटल. पुढे जगाने त्याला माल्कम एक्स म्हणून ओळखलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना स्वतःच्या रंगाची, नाकाची, केसांची लाज बाळगू नका, असं ठणकावून सांगणारा हा माणूस. आणि त्याच माणसाने कधीकाळी स्वतःचे केस गोऱ्यांसारखे दिसावेत म्हणून डोक्यावर कॉस्टिक सोडा थापून घेतला होता.

आता हे नेमकं कसं झालं, ते बघू.

माल्कमचा जन्म १९ मे १९२५ चा, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. वडील अर्ल लिटल बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि मार्कस गार्वी यांचे कट्टर अनुयायी. कृष्णवर्णीयांनी आपल्या आफ्रिकी मुळांचा अभिमान बाळगावा, हा गार्वींचा विचार. म्हणजे घरात बाळकडू मिळालं ते स्वाभिमानाचं. पण त्याच घरात रंगाचं राजकारणही होतं. आई लुईस मूळची कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावरची. तिचे वडील गोरे होते, त्यामुळे ती दिसायला जवळपास गोरीच. माल्कमचा उजळ रंग आणि तांबूस केस आईकडून आले. भावंडांत तो सगळ्यात उजळ, म्हणून वडिलांचा लाडका, असं त्याला स्वतःला वाटायचं. आई मात्र त्याच कारणाने त्याच्याशी जास्त कडक वागायची. उजळ असणं म्हणजे काहीतरी वरचढ असणं, हा समज लहानपणीच त्याच्या डोक्यात बसला. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

१९२९ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगला त्यांचं घर जाळण्यात आलं. १९३१ मध्ये वडील ट्रामखाली सापडून गेले. तो अपघात नव्हता, गोऱ्या वंशवाद्यांनी केलेला खून होता, असं कुटुंब मानत आलं. पुढे आईला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि भावंडं पांगली. माल्कम वर्गात हुशार होता, गोऱ्या मुलांच्या वर्गाचा निवडून आलेला अध्यक्षही होता. पण वकील व्हायचंय म्हटल्यावर शिक्षकाने त्याला सुतारकाम शिकायचा सल्ला दिला. १९४१ मध्ये तो सावत्र बहीण एला हिच्याकडे बॉस्टनला आला तेव्हा शाळेतून त्याचं मन उडालेलं होतं.

बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात त्याला भेटला शॉर्टी. आत्मचरित्रात माल्कमने त्याला हेच नाव दिलंय. शॉर्टीने त्याला रोझलँड बॉलरूममध्ये बूट पॉलिशचं काम मिळवून दिलं. तिथे ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसीसारखे जॅझमधले बडे लोक यायचे. ढगळ झूट सूट, लांब साखळी आणि डोक्यावर चकचकीत सरळ केस, ही त्या काळातली शहरी स्टाइल. त्या केसांना म्हणायचे कॉन्क. काँगोलीन नावाच्या मिश्रणावरून हा शब्द आला. सलूनमध्ये कॉन्कचे तीन-चार डॉलर घ्यायचे. बूट पॉलिश करणाऱ्या पोरासाठी ही मोठी रक्कम. शॉर्टी म्हणाला, आपण घरीच करू.

इथे थोडं विज्ञान समजून घ्यायला हवं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांचे केस स्प्रिंगसारखे घट्ट वेटोळे घेत वाढतात आणि हे बंध तो आकार पक्का धरून ठेवतात. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हे बंध तोडतो. तुटलेला बंध मग वेगळ्याच स्वरूपात जुळतो आणि केसाला जुनं वळण परत मिळत नाही. आपल्याकडे सलूनमध्ये रिबाँडिंग करतात त्यातलं रसायन वेगळं असतं, पण मूळ कल्पना तीच.

अडचण अशी की कॉस्टिक सोड्याला केस आणि कातडी यातला फरक कळत नाही. तुंबलेली मोरी मोकळी करायला जो वापरतात, तो हाच पदार्थ. बटाट्याच्या स्टार्चने मिश्रण घट्ट होतं, डोक्यावरून ओघळत नाही. व्हॅसलिन लावायचं ते कातडी वाचवायला. आणि हे सगळं फक्त वाढलेल्या केसांपुरतंच. मुळाशी नवा केस येतो तो पुन्हा कुरळाच, त्यामुळे काही आठवड्यांनी सगळा सोहळा परत.

शॉर्टीने बटाट्यांचे पातळ काप बरणीत टाकले, लाकडी चमच्याने ढवळत त्यावर कॉस्टिक सोडा ओतला, मग अंडी फोडून घातली. मिश्रण पिवळट झालं आणि बरणी बाहेरून हात लावून बघण्याइतकी तापली. माल्कमच्या डोक्याला, मानेला, कानांना, कपाळाला व्हॅसलिन चोपडलं. शॉर्टीने आधीच बजावलं होतं की भाजणार आहे, आणि जितका वेळ सहन करशील तितके केस सरळ होतील.

पहिली काही मिनिटं बरी गेली. मग डोक्याला आग लागल्यासारखं झालं. कंगवा फिरायला लागला तेव्हा माल्कमला वाटलं कातडीच सोलून निघतेय. डोळ्यांतून, नाकातून पाणी. शेवटी असह्य होऊन तो शिव्या घालत बेसिनकडे पळाला. शॉर्टीने दहा-बारा वेळा साबण लावून डोकं धुतलं. सोड्याचा अंश कुठे राहिला तर तिथे जखम होते, म्हणून प्रत्येक वेळी कुठे चरचरतंय का, ते विचारत होता.

मग टॉवेल, पुन्हा व्हॅसलिन, बारीक कंगवा, मानेवर वस्तरा. आणि शेवटी आरसा.

आरशात तांबूस, चमकदार आणि एकदम सरळ केस. माल्कम हसत होता. दुखणं विसरला होता. पुन्हा कधीही कॉन्कशिवाय राहायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

हा क्षण महत्त्वाचा आहे, कारण या निर्णयामागे कुणाची जबरदस्ती नव्हती. आरशासमोरचा पोरगा दुःखी नव्हता, लाजलेला नव्हता, उलट खूश होता. शिक्षकाने नाकारलेला मुलगा आता बॉस्टनच्या रस्त्यावर भाव खात होता. नंतर कॉन्क आणि झूट सूट घालून तो लॅन्सिंगला गेला तेव्हा लोक अवाक झाले. एक गाडीवाला त्याच्याकडे बघायला थांबला आणि मागची गाडी त्याच्यावर येऊन आदळली, हा किस्सा खुद्द माल्कमनेच सांगितलाय.

पुढे रेल्वेत सँडविच विकायचं काम, मग न्यू यॉर्कचं हार्लेम. तिथे त्याच्यासारखाच तांबूस केसांचा आणखी एक जण होता. गोंधळ नको म्हणून एकाला शिकागो रेड आणि माल्कमला डेट्रॉइट रेड म्हणायला लागले. (शिकागो रेड म्हणजे पुढे गाजलेला विनोदी कलाकार रेड फॉक्स.) म्हणजे हार्लेममध्ये माल्कमची ओळखच केसांवरून झाली. १९४३ मध्ये सैन्यभरतीचं बोलावणं आलं तेव्हा तर त्याने हेच केस कामाला लावले. केस पिंजारून तांबडं झुडूप केलं, सगळ्यात भडक सूट चढवला आणि भरती केंद्रात वेड्यासारखा वागला. दक्षिणेत जाऊन कृष्णवर्णीय सैनिकांना बंदुका मिळवून द्यायच्यात, असं तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कानात सांगितलं. सैन्याने त्याला अपात्र ठरवून सोडून दिलं.

मग ड्रग्ज, जुगार, घरफोड्या. १९४६ मध्ये चोरीचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं आणि तिथे पकडला गेला. शिक्षा आठ ते दहा वर्षं. वय अजून एकवीसही नव्हतं.

तुरुंगात भावंडांच्या पत्रांतून त्याला नेशन ऑफ इस्लाम आणि त्या संघटनेचे प्रमुख एलायजा मुहम्मद यांची ओळख झाली. त्याने डिक्शनरी उतरवून काढली आणि हाताला लागेल ते वाचलं. १९५२ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आलेल्या माणसाच्या नावात लिटलऐवजी एक्स होता. मालकांनी दिलेलं आडनाव टाकायचं आणि हिरावून घेतलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी ही खूण लावायची, असा त्याचा अर्थ. आडनावाबरोबर कॉन्कही गेला. यानंतरच्या फोटोंत केस बारीक कापलेले, नैसर्गिक दिसतात.

मे १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला माल्कमचं एक भाषण झालं. त्याच्या काही दिवस आधी तिथल्या पोलिसांनी नेशनच्या रोनाल्ड स्टोक्स या निःशस्त्र कार्यकर्त्याला गोळ्या घातल्या होत्या. लोक चिडलेले होते. त्या भाषणात माल्कमने समोरच्यांना विचारलं की स्वतःच्या कातडीचा रंग, नाक-ओठांची ठेवण आणि केसांचा पोत यांचा तिरस्कार करायला तुम्हाला कुणी शिकवलं. पोलिसी अत्याचारावरच्या संतापात केसांचा विषय कशाला, असं वाटू शकतं. त्याच्या लेखी मात्र या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

या काळात पत्रकार ॲलेक्स हेली त्याचं आत्मचरित्र लिहून घेत होता. त्यात कॉन्कचा प्रसंग अगदी बारकाव्यांसह येतो आणि लगेच माल्कम स्वतःवर तुटून पडतो. स्वतःला कमी लेखण्याच्या वाटेवरचं ते आपलं पहिलं मोठं पाऊल होतं, असं तो म्हणतो. कॉन्क करणारा गरीब असो की श्रीमंत, तो कुणालाच सोडत नाही. कॉन्क न करता वर आलेल्यांत सिडनी पॉइटिए आणि लायनेल हॅम्प्टन यांचं कौतुक करतो.

हे सांगणारा माल्कम अडतिशीतला, चळवळीचा नेता होता, हे मात्र विसरता येत नाही. सोळा वर्षांच्या पोराचा निर्णय तो वीसेक वर्षांनी तपासतोय. इतिहासकार रॉबिन केली यांनी नेमकं इथेच बोट ठेवलंय. त्यांच्या मते कॉन्क ही निव्वळ गोऱ्यांची नक्कल नव्हती. झूट सूट, जॅझ आणि बोलीभाषा यांच्याबरोबर तीही सभ्य समाजाला दिलेली एक बंडखोर चपराक होती. गोरा क्लार्क काही तसे केस ठेवत नव्हता. मुद्दा पटण्यासारखा आहे. पण मग डोकं भाजत असतानाही जितकं सहन करशील तितकं सरळ, हे गणित त्या पोराला पटलं कसं? बंडखोरीसाठी सरळ केसच का हवे होते? केलींच्या मांडणीनंतरही माल्कमचा हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मार्च १९६४ मध्ये तो नेशनमधून बाहेर पडला, हजला जाऊन आला, गोऱ्यांबद्दलची त्याची मतंही बदलू लागली. २१ फेब्रुवारी १९६५ ला न्यू यॉर्कच्या ऑड्युबॉन बॉलरूममध्ये भाषण सुरू करतानाच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय होतं ३९. आत्मचरित्र त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर आलं.

पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. माल्कमचे विचार मानणारी ही पोरं नैसर्गिक केस वाढवून, गोल अफ्रो मिरवत रस्त्यावर उतरली. याच पँथरचं नाव १९७२ मध्ये मुंबईतल्या दलित पँथरने घेतलं. अमेरिकेत कॉन्क हळूहळू मागे पडला.

केस सरळ करणं मात्र थांबलं नाही. त्यासाठी आज रिलॅक्सर मिळतात. टेक्श्चरायझर हा त्यातलाच सौम्य प्रकार, रसायन तेच पण कमी वेळ ठेवायचं, म्हणजे वेटोळं पूर्ण न जाता सैल होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा अंदाज त्यात होता. रसायनामुळेच कॅन्सर होतो, हे यातून सिद्ध होत नाही. पण ही रसायनं सगळ्यात जास्त वापरतात त्या कृष्णवर्णीय स्त्रिया. ऑफिसात, शाळेत नैसर्गिक केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने अमेरिकेत सगळ्यात आधी केला, तोही थेट २०१९ मध्ये.

दिग्दर्शक स्पाइक ली याने १९९२ मध्ये माल्कमवर तीन तासांहून मोठा सिनेमा काढला. डेन्झेल वॉशिंग्टन माल्कम झाला आणि शॉर्टीची भूमिका स्पाइक लीने स्वतःकडे ठेवली. घर जाळलं जाणं, तुरुंग, मक्का, बॉलरूममधल्या गोळ्या, सगळं हाताशी असताना त्याने गोष्ट सुरू केली ती बॉस्टनच्या एका सलूनमधून, माल्कमच्या पहिल्या कॉन्कपासून.