तंजावरचा पाद्री आणि आपला राजा



नोकरीच्या निमित्ताने मी चेन्नईत आलो, त्याला आता तीस वर्षे होतील. पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांना तंजावर दाखवायला नेणे हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. सकाळी बृहदीश्वराचे दर्शन, तिथल्या भिंतीवरचा भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख, मग राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय, केळीच्या पानावर जेवण आणि संध्याकाळची गाडी.

मागच्या खेपेला मेव्हण्यांबरोबर गेलो तेव्हा हाताशी थोडा वेळ होता. मोठ्या देवळाजवळच शिवगंगा तलावाच्या बाजूला एक जुने चर्च आहे. इतक्या वेळा जाऊनही मी आत कधी गेलो नव्हतो. आत पांढऱ्या संगमरवराचे एक शिल्प आहे. एक वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर पडला आहे आणि भारतीय पोशाखातला एक तरुण त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. तो तरुण म्हणजे आपले सरफोजी राजे भोसले! मेव्हणे म्हणाले, अहो, मराठ्यांचा राजा पाद्र्याच्या खाटेशी कसा? मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जे वाचले, ते थोडक्यात सांगतो.

त्या पाद्र्याचे नाव ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ. जन्म १७२६ चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातला. हाले येथे शिकत असतानाच त्याने तमिळ भाषेची ओळख करून घेतली. १७५० मध्ये तो समुद्रमार्गे तरंगमबाडीला, म्हणजे त्या वेळच्या डेन्मार्कच्या वसाहतीत उतरला. धर्मप्रसार हेच त्याचे काम होते, आणि ते त्याने आयुष्यभर केले. पण एकदा आला तो मायदेशी परत गेला नाही. लग्न केले नाही. तमिळ तर तो बोलेच, शिवाय फारसी, हिंदुस्थानी आणि तंजावर दरबाराची भाषा म्हणून आपली मराठीही शिकला. आधी तिरुचिरापल्ली आणि पुढे १७७८ पासून तंजावर हे त्याचे घर झाले.

त्याचा लौकिक विद्वत्तेपेक्षा शब्दामुळे झाला. १७७९ मध्ये इंग्रजांनी हैदर अलीकडे बोलणी करायला त्यालाच श्रीरंगपट्टणला पाठवले, कारण हैदरचा इंग्रजांवर विश्वास नव्हता, या माणसावर होता. तरीही पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. तंजावरच्या किल्ल्यात धान्याचा तुटवडा पडला. आसपासच्या गावांत धान्य होते, पण आधीचे पैसे बुडाल्यामुळे शेतकरी बैल द्यायला तयार होईनात. राजाच्या नि कंपनीच्या वचनावर कोणाचाच भरवसा उरला नव्हता. तेव्हा पैसे चुकते करण्याची हमी श्वार्ट्झने स्वतः घेतली, आणि बैल आले, धान्य आले. पुढे जुलमाला कंटाळून मुलूख सोडून गेलेले हजारो शेतकरीही त्याच्याच शब्दावर परतले.

सरफोजींची गोष्ट १७८७ ची. तुळजाजी राजे आजारी होते, मुलगा उरला नव्हता. त्यांनी भोसले कुळातलाच दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा सांभाळ श्वार्ट्झने करावा अशी इच्छा सांगितली. श्वार्ट्झला ती जबाबदारी पेलवणारी वाटली नाही. राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे पालकत्व द्यावे, असे त्याने सुचवले. ही त्याची चूक झाली. राजांच्या निधनानंतर कंपनीने पंडितांचे मत घेऊन दत्तकविधान अवैध ठरवले आणि अमरसिंगच गादीवर बसले. लहानग्या सरफोजींच्या वाट्याला जवळजवळ कैद आली, शिक्षणही थांबले.

श्वार्ट्झने आपली चूक झाकली नाही, ती निस्तरायला घेतली. साठी उलटलेल्या त्या माणसाने कंपनी सरकारकडे पत्रांमागून पत्रे लिहिली. मुलाला शिक्षक मिळवून दिला. १७९३ मध्ये राण्यांसह त्याला मद्रासला सुरक्षित पोचवले आणि तिथे गेरिके या सहकाऱ्याकडे त्याच्या शिक्षणाची सोय केली. दत्तकाची चौकशी पुन्हा सुरू झाली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ तंजावरातच वारला. सरफोजी अंत्यदर्शनाला आले, रडले आणि त्यांनी पार्थिवावर वस्त्र घातले. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजींना गादी मिळाली. तो दिवस पाहायला म्हातारा चार महिने कमी पडला.

मला विशेष वाटले ते पुढचे. इतक्या सहवासानंतरही सरफोजींनी धर्म बदलला नाही. देवळातला तो शिलालेख १८०३ मध्ये त्यांनीच कोरवून घेतला. काशीयात्रा केली, सरस्वती महाल समृद्ध केला, छापखाना काढून मराठी पुस्तके छापली. आणि त्याच राजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून हे शिल्प करवून घेतले, शिवाय गुरूच्या समाधीच्या दगडासाठी स्वतः इंग्रजीत कविता रचली. स्वधर्म आणि कृतज्ञता यांपैकी एकच निवडावे लागते, असे त्यांना वाटले नाही.

मी चेन्नईत नवा असताना तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या महिन्याचा पगार लांबला, तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने महिनाभर उधार सामान दिले. हिशेब त्याने एका चिठ्ठीवर लिहिला होता, तोही मला वाचता आला नाही. पैसे फेडले त्या दिवशी त्याने मुलांसाठी गूळ बांधून दिला. परमुलखात आपली पत अशीच, दिलेल्या शब्दाने वाढत जाते. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन पाद्र्याने ती आपल्या मराठी राजाच्या दरबारात मिळवली.

तंजावरला जाल तेव्हा देवदर्शन झाल्यावर पाच मिनिटे त्या चर्चमध्येही जरूर डोकवा. आपल्या राजाची तिथे भेट होईल.

गणपती बाप्पा मोरया!