मंडळीत अन्याय झाला तर? – रिचर्ड ॲलन

आजचं वाचन: याकोब 2:1-9

प्रियांनो, उपासनेत श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणं हे पाप आहे, असं याकोब स्पष्ट सांगतो. हे वचन वाचलं की मला रिचर्ड ॲलन आठवतो.

1760 मध्ये अमेरिकेत गुलाम म्हणून त्याचा जन्म झाला. तरुणपणी त्याने प्रभूला स्वीकारलं, जादा कष्ट करून पैसे जमवले आणि स्वतःची सुटका विकत घेतली. पुढे फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये तो उपदेश करू लागला. कृष्णवर्णीयांची संख्या वाढली, तशी गोऱ्या पुढाऱ्यांना ती खुपू लागली. एका रविवारी प्रार्थना चालू असताना त्याचा मित्र ॲब्सलम जोन्स याला गुडघ्यांवरून ओढून उठवायला लागले. का? तर तो ‘त्यांच्या’ जागेवर नव्हता! प्रार्थना संपेपर्यंत थांबा, अशी जोन्सने विनंती केली. ती कोणी ऐकली नाही. प्रार्थना संपली आणि हे सगळे एकत्र उठून बाहेर पडले. विशेष म्हणजे त्या चर्चच्या बांधकामाला त्यांनीही पैसे दिले होते.

आता खरी परीक्षा होती. 1793 मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली. ॲलन आणि जोन्सने आपल्या लोकांना घेऊन आजाऱ्यांची सेवा केली, मृतांना पुरलं. त्यात गोरेही होते. ॲलन स्वतः आजारी पडला. तरी नंतर त्यांच्या लोकांवर पैसे उकळल्याचा आरोप झाला. दोघांनी जमाखर्चासकट लेखी उत्तर छापलं. शिवीगाळ नाही, पण गप्पही बसले नाहीत.

1794 मध्ये ॲलनने बेथेल चर्च सुरू केलं, लोहाराच्या एका जुन्या दुकानात! त्याच्या समर्पणाला मेथडिस्ट बिशप ॲस्बरी आले होते. अपमान झाला म्हणून ॲलनने मेथडिस्ट विश्वास सोडला नाही. पण चर्चचा ताबा कोणाचा, हा वाद कित्येक वर्षं चालला आणि शेवटी कोर्टात गेला. 1816 मध्ये निकाल बेथेलच्या बाजूने लागला. त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं आणि ॲलन त्याचा पहिला बिशप झाला. 1831 मध्ये तो प्रभूकडे गेला.

क्षमा करणं म्हणजे अन्यायाला ‘चालतंय’ म्हणणं नव्हे, हे ॲलनकडून शिकावं. तो खरं बोलला, हिशोब मांडला, हक्कही मागितला. आणि साथीत विरोधकांच्या शहराची सेवाही केली.

आज विचार करू या: आपल्या मंडळीत मागच्या बाकावर कोण बसतं, आणि का?

प्रार्थना: प्रभू येशू, आम्हांला पक्षपातापासून राख. अन्यायाविरुद्ध बोलायचं धैर्य दे, पण मनात कडूपणा राहू देऊ नकोस. आमेन.