अक्षरांचा उपासक : एडवर्ड जॉन्स्टन

अक्षर म्हणजे जे क्षरत नाही, नाश पावत नाही ते. आपल्या परंपरेत अक्षराला फार मोठा मान आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला आणि लेखणी, शाई, ओळी यांचाही विचार केला. मराठी शाळांतून मुलांच्या कित्येक पिढ्यांनी बोरूने कित्ता गिरवला. पण अक्षर नाश पावत नसले, तरी ते काढण्याची विद्या मात्र नाश पावू शकते. इंग्लंडात ती जवळजवळ बुडाली होती. तिला पुन्हा वर काढणाऱ्या एडवर्ड जॉन्स्टन या माणसाचे चरित्र म्हणूनच जाणून घेण्यासारखे आहे.

जॉन्स्टन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८७२ रोजी दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात झाला. आईवडील स्कॉटिश. एडवर्ड तीन वर्षांचे असताना हे कुटुंब इंग्लंडला परतले. आई आजारी असल्यामुळे मुलांचे संगोपन नात्यातील एका स्त्रीकडे आले. त्यांना शाळेत घातले नाही, शिक्षण घरीच झाले. एडवर्ड यांना गणिताची व यंत्रांची आवड होती, आणि चर्मपत्रावर रंगीत अक्षरे काढण्याचा नाद होता. पुढे एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, परंतु प्रकृती मुळातच नाजूक असल्याने तो अर्धवट सुटला. वयाच्या सव्विसाव्या वर्षी हातात ना पदवी, ना नोकरी, अशी त्यांची स्थिती होती.

याच सुमारास, १८९८ मध्ये, विल्यम लेथॅबी यांच्याशी त्यांची गाठ पडली. लेथॅबी हे लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स या कलाशाळेचे प्रमुख. त्यांनी या तरुणाचा नाद ओळखला आणि ब्रिटिश म्युझियममधील जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला.

त्या काळी इंग्लंडात हाताने सुंदर लिहिणे म्हणजे टोकदार टाक दाबून जाड-बारीक रेषा काढणे, अशी समजूत होती. छापखाने आल्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या लेखकांचा व्यवसाय मोडला आणि त्यांची रीतही विस्मरणात गेली. जॉन्स्टन दिवसचे दिवस हस्तलिखितांसमोर बसले. विशेषतः दहाव्या शतकातील एक स्तोत्रग्रंथ त्यांनी बारकाईने पाहिला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, ही अक्षरे टोकदार टाकाची नव्हेत. ती रुंद, सपाट कापलेल्या लेखणीची आहेत. लेखणी एका ठराविक कोनात धरली की जाड व बारीक रेषा आपोआप उमटतात, दाब द्यावा लागत नाही. बोरूने कित्ता काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्या शाळांत जे शिकवले जात होते, ते इंग्लंडात एका माणसाला जुन्या पोथ्यांतून पुन्हा शोधून काढावे लागले!

सप्टेंबर १८९९ मध्ये त्यांनी लेथॅबींच्या शाळेत मोजक्या विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू केला. १९०१ पासून ते रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही शिकवू लागले. एरिक गिल, ग्रेली हेविट, जर्मनीहून आलेल्या ॲना सायमन्स ही त्यांची शिष्यमंडळी पुढे नामांकित झाली. १९०६ मध्ये त्यांचा लेखन, सुशोभन व अक्षररेखन यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखणी कशी कापावी येथपासून त्यात सर्व काही आहे. सायमन्सबाईंनी १९१० मध्ये त्याचे जर्मन भाषांतर केले. त्या ग्रंथाचा गाभा एकच : अक्षराचे रूप हत्यारातून जन्मते. आपल्यालाही हे पटावे. देवनागरीची जाड-बारीक रेषा बोरूची आहे. कन्नड लिपीची गोलाई ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लिहिताना आली, असे मानतात.

यानंतर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम आले. लंडनच्या भुयारी रेल्वेचे एक अधिकारी फ्रँक पिक यांच्यापुढे एक अडचण होती. स्थानकांच्या भिंती जाहिरातींनी इतक्या भरलेल्या असत की स्थानकाचे नाव त्यांत हरवून जाई. कंपनीच्या पाट्या जाहिरातींपासून वेगळ्या ओळखू याव्यात, असे अक्षर त्यांना हवे होते. १९१३ मध्ये त्यांनी जॉन्स्टन यांना गाठले. वाणिज्य शाखेत आम्ही जाहिरात व बोधचिन्ह यांविषयी शिकतो. त्याचा हा एक उत्तम धडा म्हणावा लागेल.

जॉन्स्टन यांचे काम संथ. एकेका अक्षरावर ते पुनःपुन्हा विचार करीत. अखेर १९१६ मध्ये वर्णमाला सिद्ध झाली. तिला कोठेही वेलबुट्टी नाही. रेषेची जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी, आणि मोठ्या अक्षराची उंची त्या जाडीच्या सातपट. प्रमाणे मात्र प्राचीन रोमन शिलालेखांतील, त्यामुळे ‘ओ’ हा पूर्ण वर्तुळाकार. लहान ‘आय’वरचे टिंब गोल नसून तिरक्या चौकोनाचे आहे. सपाट लेखणी तिरकी टेकवली की नेमका तसाच ठसा उमटतो. यंत्रयुगाच्या पाटीवर हाताची ही खूण राहिली. तांबडे वर्तुळ व त्यावर निळी पट्टी या रेल्वेच्या प्रसिद्ध चिन्हालाही त्यांनीच घाट दिला.

१९२८ मध्ये गिल यांचे ‘गिल सॅन्स’ हे टाइप आले. त्याचे मूळ गुरूच्या अक्षरात होते आणि गिल यांनी ते मान्यही केले. पण तो टाइप जगभर छापखान्यांत गेला आणि शिष्याचे नाव गुरूपेक्षा अधिक गाजले. जॉन्स्टन १९१२ पासून ससेक्समधील डिचलिंग या खेड्यात राहत होते. पत्नी ग्रेटा १९३६ मध्ये निवर्तल्या. १९३९ मध्ये सरकारने त्यांना सी.बी.ई. हा किताब दिला. २६ नोव्हेंबर १९४४ रोजी डिचलिंग येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या वर्णमालेत १९७९ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये सुधारणा झाल्या, पण लंडनची भुयारी रेल्वे आजही त्याच अक्षरकुळाने प्रवाशांना वाट दाखवते. रोज लाखो माणसे ती अक्षरे वाचतात, आणि ती कोणी काढली हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

आपल्या बाजारपेठांतूनही मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत सफाईने पाट्या रंगवणारे पेंटर होते. काही ठिकाणी आजही आहेत. खडूने ओळ आखायची, अक्षरांची जागा मनात धरायची आणि एका दमात कुंचला फिरवायचा, ही त्यांची विद्या कोठे लिहून ठेवलेली नाही. फ्लेक्सचा फलक स्वस्त पडतो व तासाभरात मिळतो. हिशेबाच्या दृष्टीने दुकानदाराचे चुकते असे म्हणवत नाही. परंतु जॉन्स्टन यांना बुडालेली विद्या शोधताना निदान चर्मपत्रावरच्या पोथ्या तरी मिळाल्या. रंगवलेली पाटी उन्हापावसात विरून जाते. तेव्हा या पेंटरांपाशी बसून शिकायचे असेल, तर ते हयात आहेत तोवरच शिकले पाहिजे.