कर्नालच्या कल्पना चावला

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे १२५ किलोमीटरवर हरियाणातील कर्नाल हे शहर आहे. कल्पना चावला यांचा जन्म व बालपण तेथलेच. १९८२ मध्ये चंदीगढ येथे वैमानिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. १९९७ मध्ये त्यांनी पहिली अवकाशयात्रा केली. कर्नालला मात्र त्या विसरल्या नाहीत. टागोर बाल निकेतन या त्यांच्या शाळेतील निवडक विद्यार्थी १९९८ पासून नासा संस्थेस भेट देऊ लागले.

१६ जानेवारी २००३ रोजी फ्लोरिडात उलटगणती शून्यावर आली आणि कोलंबिया यान सात अंतराळवीरांसह झेपावले. त्या वेळी भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. उड्डाण होताच संकट टळले, असे दूरून पाहणाऱ्यास वाटते. परंतु ८२ सेकंदांच्या सुमारास इंधनटाकीच्या आवरणाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. काही अभियंत्यांनी शंका घेतली; तिची पुरेशी तपासणी झाली नाही.

१ फेब्रुवारीच्या संध्याकाळी शाळेत विद्यार्थी स्वागतासाठी जमले होते. यान उतरण्यास अवघी सोळा मिनिटे उरली असता ते भंगले. सातही जण मृत्युमुखी पडले. कर्नालमध्ये चाललेला उत्सव क्षणात शोकात बुडाला.