पॅप टेस्टचे जनक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ



न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी यांच्या गोष्टी आपण वर्गात नेहमी सांगतो. आजची गोष्ट मात्र मुलांआधी तुम्ही वाचा. विशेषतः घरात चाळिशीपुढची बाई असेल तर!

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील कीमी गावी झाला. वडील डॉक्टर. मुलगाही डॉक्टर झाला, पण त्याचं मन संशोधनात. १९१३ मध्ये पत्नी मेरीसह ते न्यूयॉर्कला आले. हाताशी पैसा नाही, इंग्रजीची अडचण. शिकलेला डॉक्टर दुकानात गालिचे विकत होता आणि मेरी बटणं शिवत होत्या.

पुढच्या वर्षी कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळालं. तिथे ते गिनीपिगच्या योनीमार्गातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. पेशींवरून मादीच्या चक्राचा टप्पा कळू लागला. मग बाईच्या बाबतीतही असंच होत असेल का? तपासणीसाठी पुढे आल्या मेरीच. एकदोनदा नव्हे, तर वर्षानुवर्षे त्यांनी आपले नमुने दिले. मला तर या गोष्टीत मेरीबाईच मोठ्या वाटतात.

नंतर दवाखान्यातल्या स्त्रियांचे नमुने तपासताना त्यांना कर्करोगाच्या वेड्यावाकड्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे मांडलं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तुकडा काढून तपासता येतो, मग हे कशाला, असा डॉक्टरांचा सूर. अहो, पण तुकडा काढायचा तर आधी काहीतरी दिसायला हवं ना! त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही अशीच पद्धत शोधली होती.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत १९४३ मध्ये त्यांचं गर्भाशयाच्या कर्करोगाच्या निदानावरचं पुस्तक आलं आणि तपासणी रुळली. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामीत त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. पॅप टेस्ट मुख्यतः गर्भाशयाच्या मुखाची. तिथे साध्या बदलाचा कर्करोग व्हायला बरीच वर्षे लागतात, म्हणून तो आधीच पकडता येतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग मात्र या तपासणीत निसटू शकतो. त्याची मोठी खूण म्हणजे पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाणं. थोडंसं, एकदाच गेलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. मग सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण ते तपासल्यावरच कळतं.

माता-पालक मेळाव्यात मी एवढंच सांगितलं होतं. सगळ्या गेल्यावर एक आजी फाटकापाशी थांबल्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, पण दोन महिन्यांपासून अधूनमधून डाग दिसतो, असं हळूच म्हणाल्या. सुनेला सांगायची लाज वाटत होती त्यांना. सून तिथेच, गाडीवर बसून वाट बघत होती. मी तिला हाक मारली.